सहाव्या मजल्यावरचं आमंत्रण

वगीहसाहेबांनी त्या संध्याकाळी मोबाइल हातात घेतला तो फक्त चांगुलपणा दाखवण्यासाठी. चांगुलपणा करण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि आमच्या अलेक्झांड्रियात शेंबड्या पोरालाही तो कळतो.

झालं होतं असं, की कृषी महाविद्यालयातून त्यांचा वर्ग बाहेर पडला त्याला या हिवाळ्याच्या तोंडावर पन्नास वर्षं पुरी होत होती. समुद्राकाठच्या एका क्लबाचा हॉल ठरला होता, केकवर काय लिहायचं यावरून दोन भांडणंही होऊन गेली होती, आणि ऐन वेळी क्लबवाल्यांनी तो हॉल एका लग्नाला देऊन टाकला. वर्गाचा मोबाइलवर ग्रुप होता. तिथे अचानक सुतकी शांतता पसरली. अशा वेळी जो पहिल्यांदा तोंड उघडतो तो मोठ्या मनाचा ठरतो, हे वगीहसाहेबांना चांगलं ठाऊक होतं (नोकरीतल्या बढत्या त्यांनी याच जोरावर मिळवल्या होत्या). त्यांनी लिहिलं, ‘हॉल गेला तर गेला! माझं घर ओस पडलंय का? शुक्रवारी सगळ्यांनी माझ्याकडेच जेवायला यायचं. अल्लाशपथ, नाही म्हणाल तर जन्मात बोलणार नाही.’

आता या वाक्याचा अर्थ ‘माझ्याकडे जेवायला या’ असा होत नाही. याला आमच्याकडे नावाड्याचं आमंत्रण म्हणतात. नावाडी नदीच्या मध्यावर होडीत भाकरी सोडून बसलेला असतो, काठावर कोणी ओळखीचं दिसतं, आणि तो हात उंचावून ओरडतो, ‘या हो, चार घास खाऊन जा!’ काठावरचा पोहत येणार नसतो, नावाडी होडी काठाला लावणार नसतो, तरी दोघांनाही बरं वाटतं. रीत अशी, की समोरच्याने म्हणावं, ‘तुझं घर सदा भरलेलं राहो, पण तुला कशाला त्रास?’ आपण पुन्हा आग्रह करावा. त्याने पुन्हा नको म्हणावं. मग आपण थोडं रुसून दाखवावं, आणि शेवटी सगळ्यांनी एखाद्या कॉफीहाउसात जमायचं ठरवावं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय आणि त्यात कोणाचंही घर धुऊन निघालेलं नाही.

पण वर्गात बहीगा होती. बहीगाची चाळीस वर्षं कॅनडात गेली होती. तिथले लोक म्हणे ‘या’ म्हटलं की येतात आणि ‘नको’ म्हटलं की खरंच वाढत नाहीत. तिने लगेच उत्तर दिलं, ‘किती छान! मी गुरुवारी पोचतेय. शुक्रवारी किती वाजता येऊ?’

ग्रुप क्षणभर गांगरला. मग कीटकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक ममदूह यांनी विचार केला असावा, की परदेशातून आलेली बाई जाणार आणि आपण गावातले असून नाही म्हणायचं, हे बरं दिसत नाही. त्यांनी लिहिलं, ‘मग काय, आम्हीही हजर.’ लठ्ठ फतहीने वगीहसाहेबांच्या बायकोचं नाव घेत लिहिलं, ‘इन्शिराहच्या हातची भरल्या पानांची महशी असेल तर मी आत्ताच निघतो.’ कापूस खात्यातून निवृत्त झालेला नसीम गिर्गिस तर बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, त्याला खरं काय ते कळत होतं. त्याने फक्त हसणारा चेहरा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मीही.’ वगीहसाहेबांनी मोबाइल उपडा ठेवला. पालथा पडूनही तो टुंग टुंग वाजतच राहिला.

तुम्ही म्हणाल, यात एवढं घाबरण्यासारखं काय? चार म्हातारे जेवायला येतील, जेवतील, जातील. तर घाबरण्यासारखं होतं ते असं. वगीहसाहेब सहाव्या मजल्यावर राहत होते आणि इमारतीची लिफ्ट गेल्या हिवाळ्यापासून बंद होती.

ती आधी नुसती कुरकुरत होती. वगीहसाहेब इमारतीतल्या घरमालकांच्या संघाचे अध्यक्ष. त्यांनी मेकॅनिकला बोलवू दिलं नाही. ‘तीस वर्षं मी कालव्यावरचे पंप चालवले,’ ते म्हणाले. ‘पंप पाणी वर चढवतो, लिफ्ट माणूस वर चढवते. फरक फक्त ओलाव्याचा.’ त्यांनी यंत्र उघडलं, दोन दिवस ग्रीसमध्ये माखले, आणि पुन्हा जोडलं. लिफ्ट एकदा थाटात वर गेली. वगीहसाहेबांनी पाना हातात धरून तिच्यात उभं राहून फोटो काढून घेतला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘शिकलेलं वाया जात नाही.’ सगळ्यांनी वाहवा केली. त्यानंतर लिफ्ट खाली आली आणि परत कधी हलली नाही. हे मात्र ग्रुपवर टाकायचं राहून गेलं. राहून गेलं ते गेलंच, आणि जसजसे महिने जात गेले तसतसं सांगणं अवघड होत गेलं.

त्यामुळे आता ‘लिफ्ट बंद आहे, येऊ नका’ असं लिहायचं म्हणजे त्या फोटोच्या तोंडाला काळं फासण्यासारखं होतं. वगीहसाहेब ते करायलाही कदाचित तयार झाले असते. मोबाइल पुन्हा उचलून त्यांनी ‘प्रिय मित्रहो’ एवढं लिहिलंही. तेवढ्यात इन्शिराहबाई काठी टेकत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

इन्शिराहबाई त्यांच्याच वर्गातल्या. दोघांचं तिथेच जमलं होतं. बाईंच्या खुब्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं, डाव्या पायात जोर राहिला नव्हता आणि जिने चढायला-उतरायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. लिफ्ट बंद पडली तेव्हापासून त्या खाली गेल्या नव्हत्या. त्यांचं जग म्हणजे ती बाल्कनी आणि बाल्कनीतून दोरीने सोडायची वेताची टोपली. टोपलीतून भाजी वर यायची, पाव यायचा, औषधं यायची. गल्लीतल्या भाजीवाल्याशी त्या सहाव्या मजल्यावरून असं भांडत, की पलीकडच्या ट्राममधली माणसं वळून बघत. वगीहसाहेब रोज संध्याकाळी कॉफीहाउसात जाऊन येत आणि गल्लीतल्या बातम्या त्यांना सांगत. बाई ऐकून घेत. त्यातल्या बहुतेक त्यांना बाल्कनीतून आधीच कळलेल्या असत.

“कोण एवढं टुंग टुंग करतंय?” बाईंनी विचारलं. चष्म्यातूनही त्यांना मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नसत, त्यामुळे ग्रुप वाचून दाखवायचं काम वगीहसाहेबांचं होतं.

“काही नाही. ते आपलं... बहीगा येतेय म्हणे.”

“कुठे?”

“इजिप्तमध्ये.”

“इजिप्तमध्ये कुठे?”

“इथे. जेवायला. सगळेच येतायत.”

इन्शिराहबाई मटकन खुर्चीत बसल्या. कॉलेजची सगळी वर्षं बहीगा आणि त्या एका बाकावर बसल्या होत्या. बहीगा शेवटची आली होती ती आईच्या मातीला, तेव्हा दोघींचे केस काळे होते. बाईंनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि मग एकदम काठी आपटली.

“मग बसलायस काय असा? ऊठ! द्राक्षाची पानं सांग. कोवळी सांग, त्या मेल्याने मागच्या वेळी चामडं पाठवलं होतं. बदकं दोन सांग. नाही, तीन सांग, फतही आहे. आणि माझा निळा पोशाख कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, तो काढ.”

“इन्शिराह, मी काय म्हणतो—”

“तू काही म्हणू नकोस. तू पहिल्यांदाच काहीतरी धड म्हणालायस, ते बिघडवू नकोस.”

‘प्रिय मित्रहो’ तिथेच पुसलं गेलं.

पुढचे दिवस टोपली विसावली म्हणून नाही. ती रिकामी खाली जायची आणि भरून वर यायची. इन्शिराहबाईंनी केसांना मेंदी लावली, निळा पोशाख उसवून कमरेत सैल केला, आणि टेबलाशी बसून पानांत भात भरून एकसारख्या महशी वळत राहिल्या. वळता वळता त्या गाणं गुणगुणत. वगीहसाहेबांनी ते गुणगुणणं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि ते बंद कधी झालं हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते कानी आलं की साहेब पाना घेऊन तळमजल्यावर पळायचे.

तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशी इमारतीचा दरवान सबरी स्टुलावर बसलेला असे.

“साहेब, जोरात ठोकू नका,” तो म्हणाला. “आत बाळंतीण आहे.”

लिफ्टमध्ये मांजर व्यायली होती. वगीहसाहेबांनी दार किलकिलं करून पाहिलं. मांजरीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही संघाच्या अध्यक्षपदावर आता तीच निवडून आली होती. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात घालून बटणं उघडली, तारा हलवल्या, फुंकर मारली. एक दिवा लागला. तो पंख्याचा निघाला.

“मेकॅनिकला बोलावू?” सबरीने विचारलं.

“शुक्रवारच्या आत येईल?”

“गेल्या वर्षीच्या शुक्रवारच्या आत म्हणाला असतात तर आला असता.”

शुक्रवार उजाडला. दुपारची नमाज आटोपली आणि गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबायला लागल्या. वगीहसाहेब सूट घालून खाली उभे. एकेकजण उतरत होता आणि गालाला गाल लावून मुके घेत होता. फतही पूर्वी दोन माणसांएवढा होता, आता तीन माणसांएवढा झाला होता. ममदूहने केस काळे केले होते पण भुवया करायच्या विसरला होता. नसीम मात्र वाळल्या बोंबलासारखा सडसडीत, तसाच्या तसा. आणि शेवटच्या टॅक्सीतून बहीगा उतरली, पांढऱ्याशुभ्र आखूड केसांची, पायात पळायचे बूट, हातात फुलं.

“वगीह! अरे तू तर म्हातारा झालास!” ती म्हणाली, आणि रडली, आणि मग हसली. “इन्शिराह कुठंय? चल वर.”

सगळी मंडळी लिफ्टपाशी गोळा झाली. वगीहसाहेबांनी बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी चेहऱ्यावर आश्चर्य आणलं.

“कमाल आहे! आज सकाळपर्यंत तर व्यवस्थित चालत होती!”

आतून ‘म्याँव’ असा आवाज आला. मग एक बारीक ‘म्याँव’. मग आणखी तीन-चार बारीक आवाज.

“सकाळपर्यंत?” सबरी स्टुलावरून म्हणाला. त्याला इमारतीची इज्जत राखायची होती, पण खोटं ऐकलं की त्याच्या घशात काहीतरी अडकत असे. “साहेब, या पिल्लांचा आजा याच लिफ्टमध्ये जन्मलाय.”

नसीम भिंतीला धरून हसायला लागला. “म्हणजे तो फोटो... शिकलेलं वाया जात नाही...! कुमारी मरियमची शपथ, पाशा, वाया गेलं रे सगळं!”

वगीहसाहेबांनी टाय सैल केला. “सहाच तर मजले आहेत. हळूहळू जाऊ. आपल्याला काय पंचनामा करायचाय का वर जाऊन? जेवायचंच आहे.”

मग कृषी महाविद्यालयाच्या त्या सुवर्णमहोत्सवी वर्गाने चढाईला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावर फतही संपला. तिथे राहणाऱ्या हज्जा रौहिया यांनी आवाज ऐकून दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला आणि न विचारता खुर्ची आणून त्याच्याखाली सरकवली. दुसऱ्या मजल्यावर दोघीजणी बसल्या, एकीचे गुडघे, दुसरीची कंबर. तिसऱ्यावर ममदूह थांबला आणि ‘मी फक्त दृश्य बघतोय’ म्हणाला. (तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातून समोरच्या इमारतीची सांडपाण्याचा पाइप दिसतो.) नसीम चौथ्यापर्यंत पोचला आणि तिथे पायरीवर बसून त्याने बूट काढले. शेजाऱ्यांची दारं एकेक करून उघडत होती. कोणी पाणी आणलं, कोणी उशी. सगळ्या जिन्यात वर्ग असा पसरला होता, आणि जिन्याच्या पोकळीतून एकमेकांना हाका मारत होता.

“फतही, जिवंत आहेस का?”

“हज्जांनी पेरू दिलाय. मी इथेच राहतो.”

“वर महशी आहे रे!”

“महशीला म्हणावं, तू तरुण आहेस, तू ये खाली.”

बहीगा मात्र पहिली पायरीसुद्धा चढली नाही. ती दाराशी उभी राहिली होती, हात छातीवर ठेवून. वगीहसाहेब घाम पुसत परत खाली आले.

“चल ना. थांबत थांबत जाऊ.”

“वगीह, माझ्या हृदयाच्या नळ्यांत दोन जाळ्या बसवल्यात,” ती हळू म्हणाली. “मला जिना बंद आहे. एक मजलासुद्धा. मी तुमच्या लिफ्टच्या भरवशावर आले रे. परवा माझं परतीचं विमान आहे.”

एकीला उतरायची बंदी, दुसरीला चढायची, आणि मधे सहा मजले. आणि तळाशी त्यांच्याच हाताने बंद पाडलेली लिफ्ट. जन्मात पहिल्यांदा वगीहसाहेबांना स्वतःच्या पदवीची लाज वाटली. ते पायऱ्या चढून वर गेले, धापा टाकत, प्रत्येक मजल्यावर आपल्याच मित्रांना ओलांडत.

वर इन्शिराहबाई निळ्या पोशाखात जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांना हसणं ऐकू येत होतं, प्रत्येकाचा आवाज ओळखू येत होता, आणि दिसत कोणीच नव्हतं.

“बहीगा कुठल्या मजल्यावर आहे?”

“रस्त्यावर.” वगीहसाहेबांनी जाळ्यांचं सांगितलं.

बाई वळल्या, काठी टेकत बाल्कनीत गेल्या आणि खाली वाकल्या. वगीहसाहेब मागोमाग धावले. बहीगा गल्लीच्या मधोमध येऊन मान वर करून उभी होती. भाजीवाल्याने गाडा बाजूला घेतला होता.

“इन्शिराऽऽह! कुठंयस तू? ते गोल दिसतंय ते तू का?”

“ती टीव्हीची छत्री आहे, बाई! मी इकडे, निळी!”

“दिसलीस! दिसलीस! बारीक झालीस की गं!”

“इतक्या लांबून हत्तीसुद्धा बारीक दिसतो! तू केस काय असे पुरुषासारखे कापलेस?”

“धुवायला सोपे पडतात!”

“आणि मॉरिस कसा आहे?”

“मॉरिस गेला गं! मागच्या ईस्टरला!”

भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला. सहाव्या मजल्यावरून कोणाच्या नवऱ्याचा दुखवटा कसा करायचा? अशी गोष्ट ओरडून बोलायची नसते, जवळ बसून हात हातात घ्यायचा असतो. इन्शिराहबाई कठड्यावरून हात खाली करून उभ्या राहिल्या. जणू तेवढ्याने पोचणार होता.

“थांब तिथेच,” त्या शेवटी ओरडल्या. “मी येते खाली.”

“येतेस कशी?” वगीहसाहेब म्हणाले. “डॉक्टर काय म्हणालेत? मी काहीतरी करतो. खुर्चीला दोर बांधून, कप्पी लावून... बाल्कनीला हुक आहे, वजनाचा हिशोब केला की—”

“तू मला भाजीसारखी टोपलीतून सोडणार?”

“मी कृषी इंजिनिअर आहे.”

“तेच तर भोगतेय.” बाईंनी सोफ्यावरची एक उशी उचलली, काठी कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या. “डॉक्टरांनी पायांनी उतरू नको म्हटलंय. बसून उतरू नको म्हटलेलं नाही.”

आणि त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उशी ठेवून बसल्या. मग दोन्ही हात टेकून घसरत खालच्या पायरीवर. मग त्याच्या खालच्या. रांगायला लागलेलं मूल उतरतं ना, तशा.

“इन्शिराह! अगं, लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, उतरली.”

वगीहसाहेब तिथेच उभे राहिले. एवढे महिने त्यांच्या डोक्यात पंप होते, कप्प्या होत्या, संघाच्या बैठका होत्या, आणि बसून उतरता येतं ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती. ते दोन पायऱ्या खाली जाऊन तिच्याशेजारी वाकले.

“तुला हे आधी का नाही सुचलं?”

“सुचलं होतं की.” बाई श्वास घ्यायला थांबल्या. “पण उतरून जायचं कोणाकडे? भाजीसाठी टोपली होती. तू संध्याकाळी कॉफीहाउसात जायचास. ‘चल’ असं एकदा तरी म्हणालास का?”

ते म्हणाले नव्हते. त्यांना वाटायचं लिफ्ट बंद आहे म्हणून इन्शिराह घरात आहे. आमंत्रण त्यांनी साऱ्या वर्गाला केलं होतं, उगीच, तोंडदेखलं. पण घरातल्या माणसाला तोंडदेखलंसुद्धा केलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. ते पुढे होऊन बाईंची उशी एकेक पायरी खाली सरकवायला लागले, आणि बाईंनी ती सरकवू दिली.

चौथ्या मजल्यावर नसीमने बूट हातात घेऊन सलामी दिली आणि तोही बाईंच्या शेजारी बसून घसरायला लागला. “एकट्याने उतरलीस तर वर्गाची बदनामी,” तो म्हणाला. तिसऱ्यावर ममदूह सामील झाला. प्राध्यापकाची पँट म्हणून त्याने आधी रुमाल पसरला, पण दुसऱ्या पायरीपर्यंत रुमाल वरच राहून गेला. दुसऱ्यावरच्या दोघीजणी हसून हसून रडत होत्या. शेजारणी दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. वर चढताना ज्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ती सगळी शाळेतल्या पोरांसारखी ओरडत खाली येत होती. पहिल्या मजल्यावर फतही खुर्चीतून उठला आणि त्याने वाट अडवली.

“महशी कुठंय?”

“वर राहिली,” इन्शिराहबाई म्हणाल्या.

“मग तू काय उतरलीस? तिला आणायचं होतं!”

शेवटच्या जिन्याशी आल्यावर मात्र बाईंनी उशी बाजूला सारली. “आता उभी करा मला. तिच्यासमोर मी बसून जाणार नाही.” फतहीने एका बाजूने धरलं, वगीहसाहेबांनी दुसऱ्या. त्या शेवटच्या काही पायऱ्या इन्शिराहबाई उभ्याने उतरल्या, एक पाय, मग दुसरा. बहीगा खाली हात पसरून उभी होती. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि सोडलीच नाही. हज्जा रौहियांनी वरून जीभ हलवत असा आनंदाचा लुलुकार टाकला, की लग्नघरातसुद्धा तसा ऐकू येत नाही. मग सगळ्या मजल्यांवरून लुलुकार उठले. मांजर एकेक पिल्लू तोंडात धरून लिफ्टमधून बाहेर पडली आणि शांत जागेच्या शोधात निघून गेली.

दोघी मैत्रिणी कॉफीहाउसाच्या खुर्च्यांवर फुटपाथावर बसल्या. हात हातात. बहीगा मॉरिसबद्दल बोलत होती, हळू आवाजात, आणि इन्शिराहबाई ऐकत होत्या. गल्ली आपणहून दुसरीकडे बघत होती. जेवण टोपलीतून खाली आलं. म्हणजे वगीहसाहेब वर गेले, टोपली भरली, सोडली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. खालून फतही ‘अजून बदक!’ असं ओरडत होता. त्यांच्या वाट्याला काय उरलं हे त्यांनी पाहिलंच नाही. रिकामं पातेलं चाटूनपुसून घेत ते बाल्कनीतून खाली बघत राहिले. इन्शिराह हसत होती. मान मागे टाकून, कॉलेजच्या बाकावर हसायची तशी.

“वगीह!” बाईंनी वर पाहून हाक मारली. “आम्ही समुद्रावर निघालोय! बहीगाला सूर्यास्त बघायचाय! माझे बूट घेऊन ये!”

“आलो!” वगीहसाहेब आनंदाने ओरडले. ‘चल’ नाही, पण जवळजवळ ‘चल’च होतं ते. त्यांनी बुटांचा शोध सुरू केला. बूट पलंगाखाली नव्हते, कपाटात नव्हते. एवढे महिने कोणाला लागलेच नव्हते, त्यामुळे ते कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी माळ्यावर एका खोक्यात सापडले. वगीहसाहेब ते काखेत मारून जिन्याशी आले, एक पाऊल खाली टाकलं, आणि त्यांचा गुडघा जागच्या जागी अडून बसला.

दिवसभर ते त्या जिन्यावर इतक्यांदा वरखाली झाले होते, की आता गुडघ्याने राजीनामा दिला. त्यांनी कठडा धरला. दुसरा पाय पुढे केला. तोही म्हणाला, मी त्याच्याबरोबर आहे. वगीहसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघत नव्हतं. त्यांनी सुटाची मागची बाजू सावरली आणि पायरीवर बसले.

ते चौथ्या मजल्यावर घसरत आले तेव्हा रस्त्यावरून टॅक्सींचे दरवाजे लागल्याचा आवाज आला. “थांबा! अरे, थांबा!” ते ओरडले. बूट पुढे, आपण मागे, अशा पायऱ्या पार करत ते तिसऱ्यावर पोचले. उशी आणायची राहिली होती, तिची किंमत त्यांना प्रत्येक पायरीला कळत होती. थांबत, दम खात ते दुसऱ्यावर आले तोवर जिन्यात अंधारून आलं होतं, आणि खिशातला मोबाइल टुंग करून वाजला.

बहीगाने ग्रुपवर फोटो टाकला होता. मागे समुद्र, तांबडं आकाश, आणि कठड्यावर ओळीने बसलेला अख्खा वर्ग. मधे इन्शिराहबाई, पायांत हज्जा रौहियांच्या दोन मापं मोठ्या सपाता, वाऱ्याने ओढणी उडालेली, तोंड उघडं ठेवून हसणाऱ्या. खाली बहीगाने लिहिलं होतं, ‘पन्नास वर्षांनी पुन्हा सगळेच्या सगळे! कोणी राहिलं नाही!’

वगीहसाहेबांनी चष्मा पुसला, बूट मांडीवर ठेवले, आणि सवयीने फोटो मोठा करून त्यात आपण कुठे आहोत ते शोधायला लागले.